दारातली गाडी आणि नादारीचा अर्ज

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. आम्ही अंथरूण घालीत होतो. इतक्यात दारात मोटारीचा आवाज आला. पाहतो तो आमचा एक जुना विद्यार्थी. त्याचे नाव येथे सांगत नाही. मोहोळ तालुक्यातला शेतकरी गडी. चार एकर शेत. शेतीच्या जोडीला कांद्याचा व्यापार. गावोगावचा कांदा घ्यायचा आणि सोलापूरच्या मार्केट यार्डात नेऊन घालायचा. दोन वर्षे बरी गेली. तिसऱ्या वर्षी भाव पडला. चौथ्या वर्षी चाळीतला कांदा पावसाने सडला. ज्यांचा माल उधारीवर घेतला होता ते दारात बसू लागले.

"गुरुजी, तुमचं अक्षर चांगलं हाय. एक कागद लिहून द्या."

त्याने पिशवीतून पाचशे रुपयांचा मुद्रांक काढला. गाडी मेहुण्याला विकली असा कागद त्याला हवा होता. तारीख मात्र मागल्या वर्षीची घालायची.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"कोर्टाजवळ चहाच्या टपरीवर एक जण भेटला. तो म्हणाला, दिवाळं काढा, समदी देणी बुडत्यात. पण आधी गाडी पावण्याच्या नावावर करा, न्हाई तर ती जाईल."

आम्ही म्हणालो, "बाबा रे, चौथीत तुला दुसऱ्याच्या पाटीवरचं उत्तर उतरू दिलं नाही. आता खोटी तारीख घालून देऊ होय?"

तो हसला नाही. मान खाली घालून बसला. मग म्हणाला, "गुरुजी, गाडी मिरवायला नगं. आईची किडनी गेलीय. आठवड्यातनं दोन बार डायलिसिसला सोलापूरला न्यावं लागतं. पहाटे सहाला तिथं पोचायचं. येताना तिला उभं ऱ्हावत न्हाई. एस.टी.नं कशी नेऊ?"

आम्ही त्याला जेवू घातले. कागद लिहून दिला नाही. चार दिवसांनी त्याच्याबरोबर सोलापूरला गेलो. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि कमी उत्पन्नाच्या माणसांना तेथे फुकट वकील मिळतो. फोनवर विचारायचे असेल तर १५१०० हा क्रमांक आहे. तेथल्या वकीलबाईंनी तासभर बसवून सारे समजावून सांगितले. आम्ही वहीत टिपून घेतले. त्या वहीतून हा धडा लिहितो.

आधी शब्द पाहू. बोलताना आपण 'दिवाळे निघाले' असे म्हणतो. जुने लोक सांगतात, की व्यापारी बुडाला म्हणजे तो दुकानात भर दिवसा दिवा लावून ठेवी. त्यावरून दिवाळे. कायद्याच्या मराठीत अशा माणसाला 'नादार' म्हणतात. आमच्या वेळी शाळेत ज्या मुलाला फी माफ असे, त्यालाही 'नादारी मिळाली' असेच म्हणत. त्या मुलाला कोणी चोर म्हणत नसे. कोर्टातल्या नादारालाही कोणी चोर म्हणू नये. माणूस खोटे बोलला तर मात्र गोष्ट वेगळी.

सोलापूर जिल्ह्याला हे प्रकरण नवे नाही. १८७५ साली, १२ मे रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने फोडली आणि कर्जाची खते जाळली. पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत गावोगाव तेच झाले. सरकारने चौकशी बसवली. मग १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा आला. तो चार जिल्ह्यांना लागू झाला: पुणे, सातारा, अहमदनगर आणि आपले सोलापूर. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालणे त्या कायद्याने बंद केले. जमीन स्पष्टपणे गहाण दिलेली नसेल, तर ती साध्या कर्जासाठी जप्त करता येईना. आणि पन्नास रुपये किंवा जास्त कर्ज असलेल्या शेतकऱ्याला नादारीचा अर्ज करता येऊ लागला. म्हणजे आपल्या खापरपणजोबांच्या काळी, ह्याच जिल्ह्यात, बैलगाडीवाला शेतकरी कोर्टात जाऊन 'माझ्याकडे इतके आहे, देणे इतके आहे' असे सांगू शकत होता. तो कायदा आता राहिलेला नाही.

आता १९२० चा नादारीचा कायदा आहे. मुंबई शहराला १९०९ चा वेगळा आहे. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाने अर्ज सोलापूरच्या जिल्हा न्यायालयाकडे करावयाचा. देणे पाचशे रुपयांवर असले म्हणजे अर्ज करता येतो. पाचशे हा आकडा १९२० सालचा आहे. तेव्हा पाचशेत काय काय येत असेल त्याचा हिशेब वाचकांनीच करावा.

अर्जात काय लिहायचे? मला देणी फेडता येत नाहीत, हे लिहायचे. कोणाचे किती देणे आहे, त्याचे नाव काय, गाव कोणते, हे लिहायचे. मग आपल्याजवळ जे जे आहे ते सारे लिहायचे. प्रत्येक वस्तूची किंमत लिहायची. आणि ती वस्तू कोठे आहे तेही लिहायचे. शेवटी लिहायचे, की हे सारे मी कोर्टाच्या हवाली करायला तयार आहे. जप्तीतून कायद्याने जे वगळले आहे तेवढे सोडून.

'सारे' ह्या शब्दावर वकीलबाईंनी बोट ठेवले. आमच्या विद्यार्थ्याने विचारले, "जे सुटणार हाय ते कशाला लिहायचं?" त्यावर त्या म्हणाल्या, "काय सुटेल ते कोर्ट ठरवील. लिहायचं काम तुमचं. लिहिलं म्हणजे गेलं असं नाही. पण लपवलं तर गेलंच समजा."

आम्हाला हे बोलणे फार पटले. गावात समजूत उलटी आहे. यादीत घातलेली वस्तू कोर्ट उचलून नेते, असे लोकांना वाटते. म्हणून लोक यादी आखूड करतात.

आता जप्तीतून काय सुटते ते पाहू. १९०८ च्या दिवाणी कायद्यात, साठाव्या कलमात, त्याची यादी आहे. ऋणको म्हणजे देणे असलेला माणूस. त्याचे, त्याच्या बायकोचे आणि मुलांचे लागणारे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण सुटते. धर्माच्या रिवाजाप्रमाणे बाईने अंगावरून काढू नये असा दागिना सुटतो. मंगळसूत्राची चिंता करू नये. कारागिराची हत्यारे सुटतात. शेतकऱ्याची औते, पोटापुरते लागणारे बैल आणि बी-बियाणे सुटते. शेतकऱ्याचे किंवा मजुराचे स्वतःचे राहते घर सुटते. मजुराची मजुरी सुटते.

पण शेतजमीन ह्या यादीत नाही. ती सुटत नाही. हे ऐकून आमच्या विद्यार्थ्याचा चेहरा उतरला. चहाच्या टपरीवरच्या माणसाने हे त्याला सांगितलेच नव्हते. दुसरी एक अडचण निघाली. शेतकऱ्याची सवलत मिळायला माणूस स्वतः जमीन कसणारा हवा, आणि त्याचे पोट मुख्यतः शेतीवर हवे. ज्याची मिळकत व्यापारातून जास्त, त्याला मी शेतकरीच आहे हे कोर्टापुढे दाखवावे लागते. म्हणून नादारीचा अर्ज म्हणजे पाटी पुसायचे ओले फडके नव्हे. विचार करूनच हात घालावा.

आणि गाडी? साठाव्या कलमात मोटारीचे नाव नाही. १९०८ साली खेड्यात मोटार होती कोठे? घरच्या वापराची मोटार ह्या यादीच्या जोरावर वाचेल असे धरून चालू नये. आईला दवाखान्यात नेण्यासाठी ती लागते हे खरे आहे. पण त्या यादीत दवाखान्याची गाडी असा शब्द नाही. आम्हाला हे बरे वाटले नाही. तरी जे आहे ते सांगितले पाहिजे.

२०१६ साली दिल्लीच्या संसदेने नवा कायदा केला. त्यात ही चूक सुधारली आहे. माणसाच्या स्वतःच्या वापराला किंवा धंद्याला आवश्यक असलेली हत्यारे, पुस्तके आणि वाहने वगळावीत, असे त्यात लिहिले आहे. वाहने हा शब्द स्पष्ट आहे. अट एकच, की त्या वाहनावर कर्जाचा बोजा नसावा. पण त्या कायद्यातला माणसांच्या नादारीचा भाग २०१९ च्या डिसेंबरपासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता चालू केला. आपल्यासारख्यांना जुनाच कायदा राहिला. नवे घर बांधले, पण किल्ली शेजाऱ्यालाच दिली, असा हा प्रकार आहे.

इंग्लंडात १९८६ च्या कायद्याप्रमाणे कामधंद्याला लागणारे वाहन नादाराजवळ राहते. गाडी फार भारी असेल तर ती विकून त्याला साधी गाडी घेऊन देतात, आणि वरचे पैसे देणेकऱ्यांना वाटतात. ही रीत आम्हाला शहाणपणाची वाटते.

आता कर्जावरच्या गाडीचे पाहू, कारण बहुतेकांच्या गाड्या कर्जावरच असतात. आमच्या विद्यार्थ्याकडे दोन वाहने होती. एक कांद्याचा छोटा टेंपो. त्याचे हप्ते थकलेले. दुसरी घरची चारचाकी. तिचे हप्ते तीन वर्षांपूर्वीच फिटलेले.

टेंपोवर कर्ज देणाऱ्याचा बोजा होता. बोजा असलेली वस्तू नादारीत गेली तरी बोजावाल्याचा हक्क बुडत नाही. त्याने ती विकून आपले पैसे घ्यावेत. विकून उरले तर ते बाकीच्यांच्या वाटणीला यावेत. तेव्हा टेंपो वाचवण्याच्या मागे लागण्यात अर्थ नव्हता. पण नेण्याचीही रीत असते. कर्जवसुलीसाठी गुंड पाठवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली बँकांना बजावले आहे. थकलेल्या कर्जासाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ साली सांगितले आहे. रात्री दहाला फोन करून बायका-पोरांना धमकावणाऱ्याला हे ऐकवावे. फोनची वेळ वहीत लिहून ठेवावी.

चारचाकीची गंमत निराळीच निघाली. वकीलबाईंनी आर.सी. बुक मागितले. त्यावर कर्ज देणाऱ्या कंपनीचे नाव अजून तसेच! हप्ते फिटले, पण नाव कमी करायचे राहून गेले. आमचा गडी म्हणाला, "पैशे फिटले म्हणल्यावर नाव आपोआप जातंय की." ते आपोआप जात नाही. कंपनीकडून ना हरकत दाखला घ्यायचा. नमुना ३५ भरायचा. त्यावर कंपनीची सही-शिक्का घ्यायचा. मग आरटीओकडे देऊन नाव कमी करून घ्यायचे. हे केले नाही तोवर बुकावर बोजा दिसतो, आणि बोजा दिसतो तोवर कंपनीच्या लेखी संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर चढतही नाही. म्हणजे मागल्या तारखेचा तो कागद आम्ही लिहून दिला असता, तरी मेहुण्याच्या नावावर गाडी झाली नसती! ज्यांनी हप्ते फेडले आहेत त्यांनी आज घरी गेल्यावर आपले बुक काढून पाहावे.

दाखला मिळवायला त्याला तीन खेपा पडल्या. पण मिळाला.

मेहुण्याच्या कागदाचे अजून थोडे सांगतो, कारण हा रोग गावोगाव आहे. नादारीच्या अर्जाआधी दोन वर्षांच्या आत कोणी आपली वस्तू फुकट किंवा नावापुरत्या पैशाला दुसऱ्याला दिली असेल, तर कोर्ट तो व्यवहार मोडू शकते. ज्याने खरी किंमत मोजून, प्रामाणिकपणे घेतली त्याला भीती नाही. आणि नादार होण्याच्या बेताने एकाच देणेकऱ्याचे घर भरले, बाकीच्यांना कोरडे ठेवले, तर तेही चालत नाही. त्याला तीन महिन्यांची मुदत आहे. मुद्रांक विकणाऱ्याच्या वहीत विक्रीची तारीख असते. खोटी तारीख तेथेच उघडी पडते. मुद्दाम माल लपवला, हिशेबाच्या वह्या फाडल्या, तर एक वर्षापर्यंत कैद आहे. मग आईला दवाखान्यात कोण नेणार?

खरोखर पैसे नसलेल्या माणसाला मात्र केवळ देणे थकले म्हणून तुरुंगात टाकू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली ठरवले आहे. जवळ असून जो देत नाही, त्याची गोष्ट वेगळी.

मग गाडी राखायचा सरळ रस्ता कोणता? वकीलबाईंनी सांगितला तो असा. कायद्यात तडजोडीची सोय आहे. नादाराने सांगायचे, की मी इतके इतके देऊ शकतो, इतक्या मुदतीत देतो, अमुक वस्तू माझ्याकडे राहू द्या. देणेकऱ्यांपैकी संख्येने निम्म्याहून जास्त आणि रकमेने तीन चतुर्थांश लोक कबूल झाले, आणि कोर्टाला ते योग्य वाटले, म्हणजे ती तडजोड सर्वांवर बंधनकारक होते. गाडी राहायची असेल तर ती अशी, उघडपणे राहील. तसे झाले नाही आणि गाडी लिलावात निघाली, तर मेहुण्याने स्वतःच्या पैशाने, चारचौघांसमोर बोली करून ती घ्यावी. त्यात लपवाछपवी नाही.

गडी म्हणाला, "देणेकऱ्यांम्होरं गाडीचं नाव काढू? ते म्हणतील, गाडीत हिंडतोय आन् आमचं देत न्हाई."

आम्ही म्हणालो, "ते आताही तेच म्हणतात. तुझ्या पाठीमागं म्हणतात, एवढाच फरक."

यादी आमच्या ओसरीवर झाली. तीन संध्याकाळ लागल्या. त्याच्या बायकोला जास्त आठवत होते. त्याला फक्त मोठी देणी आठवायची. खताच्या दुकानाचे सव्वा लाख तो विसरला होता. चुलतभावाकडून घेतलेले हातउसने चाळीस हजार त्याला लिहायचे नव्हते. "भाऊच हाय, तो कुठं कोर्टात येतोय?" असे त्याचे म्हणणे. सूनबाई म्हणाली, "जाऊबाईनं गळ्यातलं मोडून दिलेत ते पैशे. लिहा." लिहिले. एकूण देणे एकोणीस लाखांच्या वर गेले. इतकी रक्कम त्या दोघांनी कधी एका ओळीत पाहिली नव्हती. बराच वेळ कोणी बोलले नाही.

मग मालमत्तेची बाजू. जमीन, घर, कांद्याची चाळ, एक जोडी बैल, टेंपो, मोटार, सोसायटीचे शेअर, आयुर्विम्याची पॉलिसी. गाडीची किंमत ठरवायला तो सोलापुरात जुन्या गाड्या घेणाऱ्या दोघांना विचारून आला. विम्याच्या कागदावरही गाडीची किंमत लिहिलेली असते, ती पाहिली. एक जण दोन लाख म्हणाला, दुसरा पावणेदोन. त्याला दीड लिहायचे होते. आम्ही पावणेदोन लिहायला लावले. विमा चालू ठेवायचा, हेही बजावले. कोर्टाच्या यादीतली गाडी बिनविम्याची फिरवून कोणाला ठोकली, म्हणजे एकोणीस लाखांवर नवा आकडा चढायचा.

ती यादी घेऊन त्याने अर्जाच्या आधीच सात देणेकऱ्यांना देवळात बोलावले. आम्हीही गेलो. त्याने आईच्या दवाखान्याचे सांगितले. गाडीची ओळ स्वतः वाचून दाखवली. खतवाला म्हणाला, "गाडी विका, माझे तेवढे द्या." यार्डातले एक अडते, ज्यांचे सर्वांत जास्त अडकले होते, ते यादी हातात घेऊन बराच वेळ वाचत बसले. म्हणाले, "ह्यात माझ्या अंदाजापेक्षा दोन वस्तू जास्तच आहेत. गाडी म्हातारीसाठी राहू दे. टेंपो आणि चाळ काढा." पाच जण कबूल झाले. दोघे झाले नाहीत. खतवाला तर रागानेच उठून गेला. त्याचेही चुकले असे आम्ही म्हणत नाही. त्यालाही वरच्या कंपनीला पैसे द्यायचे असतात.

दोघे अडून बसल्यामुळे अर्ज करावाच लागला. तो आता न्यायालयात आहे. तडजोडीचे बोलणे तेथे पुन्हा व्हायचे आहे. टेंपो गेला. ज्या मित्राने त्याच्या एका कर्जाला सही केली होती, तो मध्यंतरी भेटायला आला होता. नादारीतून सुटका झाली तरी जामीनदार सुटत नाही, हे त्याला कळले होते. ते दोघे ओसरीवर कितीतरी वेळ हळू आवाजात बोलत होते. आम्ही आत निघून गेलो. सरकारचे देणे आणि बायका-मुलांच्या पोटगीचे देणेही नादारीने फिटत नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.

गाडी अजून आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे ती आमच्या घरावरून जाते.

आता वाचकांनी वही काढावी. खाली त्या यादीतली गाडीची ओळ आम्ही साध्या भाषेत दिली आहे. ती सावकाश वाचावी आणि तशीच उतरून घ्यावी. मग आपल्या घरातल्या एका वस्तूची अशीच ओळ लिहावी. सायकल चालेल, शिवणयंत्र चालेल, शेळीसुद्धा चालेल. काय आहे, कोणाच्या नावावर आहे, बोजा आहे की नाही, किंमत काय आणि आज ती कोठे आहे, एवढे त्यात आले पाहिजे.

"क्रमांक ६. चारचाकी मोटार एक, रंग पांढरा, २०१४ सालची. अर्जदाराच्या नावावर. कर्ज फिटले, दाखला सोबत जोडला आहे. विमा चालू. अंदाजे किंमत रुपये १,७५,०००. आईला दवाखान्यात नेण्यासाठी वापरात. राहत्या घरासमोर, लिंबाखाली उभी आहे."